पाठीवरचं वाघरू

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. खरी वाटली असं जो म्हणेल त्यानं परभणी पाहिलेली नाही. आणि ज्यानं त्या काळची परभणी पाहिली, त्यानं चंद्रभान मुन्शीला पाहिलं असणारच, आणि चंद्रभान मुन्शीचं नाव निघालं की लोक त्याचा 'राम राम' सुद्धा तपासून घ्यायचे. तरी सांगतो. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं, कचेरीत निजामाचा बहमन महिना चालू होता आणि गल्लीत मार्गशीर्ष. त्या बहमनातल्या म्हणा, मार्गशीर्षातल्या म्हणा, एका गुरुवारी तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, चंद्रभानच्या हातून टाक निसटला, घरंगळत मेजाखाली गेला. चंद्रभान वाकला. त्यानं टाक उचलला. तो सरळ झाला. आणि काहीच झालं नाही.

काहीच झालं नाही म्हणजे दुखलं नाही, एवढंच. पण कापसाच्या जिनाची धडधड दिवसभर चालू असते तेव्हा ती कुणाच्या ध्यानात नसते, आणि पट्टा तुटून जिन मध्येच बंद पडलं की सगळं गाव हातातलं काम सोडून वर बघतं; तसा चंद्रभान टाक हातात धरून वर बघत राहिला. कमरेच्या वर, कण्याच्या जरा डाव्या अंगाला, त्याच्या पाठीत एक जागा होती. तळहाताएवढी. कितीतरी पावसाळे ती जागा सकाळी त्याच्या आधी जागी व्हायची, पायरी त्याच्या आधी उतरायची, वाकायचं मनात आलं की त्याच्या आधी नाही म्हणायची. आज तिनं नाही म्हटलं नव्हतं. त्यानं टाक मुद्दाम खाली टाकला. पुन्हा वाकला. शाईचे दोन ठिपके धुळीत पडून गोळा झाले, तेही त्याला अगदी जवळून दिसले, कारण इतक्या खाली त्याचं तोंड बऱ्याच वर्षांत गेलं नव्हतं. पुन्हा काही नाही. घरात शिरावं आणि कोपऱ्यातलं नेहमीचं माणूस जागेवर नसावं, त्याची वाकळ तेवढी पसरलेली असावी, तसं त्याला झालं. आनंद व्हायला हवा होता. त्याला भीती वाटली.

"काय मुन्शीजी, टाकाला कोलांट्या शिकवायलाव का?" शेजारी स्टॅम्प विकायला बसणारा बन्सीधर म्हणाला. "का वाघरू उतरलं पाठीवरून?"

"उतरतंय कुठलं!" चंद्रभान घाईनं म्हणाला आणि कमरेवर हात ठेवून त्यानं तोंड वाकडं केलं. "आज जरा झोपलंय, इतकंच."

बन्सीधर हसला. चंद्रभान हसला नाही. आपण आत्ता काय केलं हे त्याला उमगलं होतं. खोटं तो रोजच बोलायचा, पोटच त्याच्यावर होतं. पण पाठीबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि पहिल्यांदाच त्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

त्याचं काम अर्ज लिहायचं. खेड्यातली माणसं यायची, उकिडवी बसायची, आणि सांगायची की शेजाऱ्यानं बांध रेटला, पटवारी दाद देत नाही. सरकारदरबार उर्दूत चालायचा, ही माणसं मराठीत रडायची, आणि मधे चंद्रभान. त्यानं लिहिलेल्या कागदात बांध नुसता रेटला जात नसे, तो हुजुरांच्या पायाशी येऊन हंबरडा फोडत असे. मुंग्यांनी खाल्लेल्या ज्वारीच्या पेऱ्यासाठी त्यानं असं लिहिलं होतं म्हणतात की तहसीलदारापुढं कागद वाचणाऱ्या पेशकारानं मधेच चष्मा काढून पुसला. दुसऱ्याचं दुखणं त्याच्या हातून गेलं की त्याला वजन यायचं. आणि त्याचं स्वतःचं? ते त्यानं कधी कुणाला सरळ सांगितलंच नाही. पाठीला काय झालं असं पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, गोदेला पूर आला होता, सोनपेठेच्या अंगाला, अंधार होता, पाण्यात वासरू ओरडत होतं, म्हणून मी ते पाठीवर घेतलं. मधल्या धारेत माझ्या कानाशी गुरगुर झाली, तेव्हा कळलं की वासरू नाही, वाघरू आहे. सोडावं तर ते सोडीना. त्यानं कमरेत नख रोवलं ते अजून तिथंच आहे. लोक इथं हसायचे, मांडीवर थाप मारायचे आणि उठून जायचे. काठ आला का, वाघराचं काय झालं, हे कधी कुणी विचारलं नाही. खोट्याच्या पुढं काय झालं ते कोण विचारतं? मग एखाद्या दुपारी, अर्ज लिहिता लिहिता, ती जागा आवळायची. कपाळावर घाम यायचा, अक्षर कागदावरून खाली उतरायचं, तो मेजाची कड धरून तसाच वाकून राहायचा, आणि लिंबाखालून हाळी यायची, "हललं रे, मुन्शीजीचं वाघरू हललं!" एका हकिमानं पाठ दाबून बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "कुछ बी नईं मुन्शीजी, वहम है." चंद्रभान वाटभर त्याच एका शब्दावर चालत आला. वहम असेल, मनाचा भास असेल. असू दे. पण वहम असला म्हणून तो राहतो कुठं? त्याला तळहाताएवढी जागा का लागते? ढग भरून आले की तो का फुगतो? आणि खोलीत शिरून कडी लावली, की दुसरं कुणी नसताना तो आपल्याशी का बोलायला लागतो? कारण खोलीत ते दोघंच राहत. तो भाकरी थापायला बसला की दुखणं म्हणायचं, बस झाली एकच. तो म्हणायचा, बरं. दुसरं कुणी त्याला काही म्हणतच नव्हतं.

म्हणजे, कडूबाई येईपर्यंत.

कडूबाई समोरच्या चाळीत राहायची. नवरा गेल्यावर जिंतूरकडून आली होती, जिनात कापूस निवडायला जायची, आणि संध्याकाळी परतताना तिच्या भुवयांवर, डोक्यावरच्या पदरावर पांढरी लव बसलेली असायची, की लांबून बाई एकदम म्हातारी दिसावी आणि जवळ आल्यावर पुन्हा चाळिशीची व्हावी. ती पायाळू होती, पायांकडून जन्मलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण निघते हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून सुट्टीच्या दिवशी, जुम्म्याला, तिच्या ओट्यासमोर हमाल, पाणी शेंदणाऱ्या बाया, बाळंतीण झालेल्या पोरी येऊन पालथ्या पडायच्या. ती डावा पाय तीनदा पाठीला लावायची आणि कामाला लागायची. कुणी तिला बस म्हणत नसे, पाणी विचारत नसे. तिच्या पायाशी लोकांचं काम होतं. बाकीची कडूबाई त्या पायामागून आपली येत होती. पुढं एकदा तिनंच सांगितलं होतं, वळवाचे ढग आले की सासू तिला घरातून उठवून गोठ्यात नेऊन बसवायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे, आणि पडायचीच तर ती घरावर नको. "गोठ्यात म्हैस होती," कडूबाई म्हणाली होती, "तिला कुणी इचारलं न्हाई, तुझ्यावर पडली तर चालंल का."

तो पहिला जुम्मा चंद्रभानला अजून अंगावर आठवत होता. पाणी आणायला म्हणून तो दाराबाहेर आला आणि उंबऱ्यापाशीच ती जागा अशी आवळली की त्याला पुढं जाता येईना, मागं जाता येईना. ओट्यावर तो हळूहळू, एखादं ओझं उतरवावं तसा, स्वतःला उतरवत गेला आणि कुशीवर पडून राहिला. येणारे-जाणारे हसून गेले. कडूबाई झाडू हातात घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"खरं दुखायलंय, का वाघरूच हाय?"

"खरं दुखायलंय, बाई."

"बरं," ती म्हणाली. "पालथं व्हा मंग. इचारलं यासाठी, की बऱ्या माणसाला पाय लावला तर मला पाप लागतंय. दुखणाऱ्याला लावला तर न्हाई."

त्या एका 'बरं'नं चंद्रभानचे डोळे भरून आले; तो पालथा होता म्हणून कुणाला दिसले नाहीत. मग पाय आला. खरखरीत, भेगाळलेला, पहाटेच्या फरशीसारखा गार, सरकीचा वास असलेला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आणि मग ती वाकली, पाय लागला होता त्या जागेवर तिनं बोटं टेकली आणि ती स्वतःच्या कपाळाला लावली. माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, तेवढाच तो नमस्कार. बोटांची टोकं क्षणभर टेकली आणि गेली. पाय औषध होतं, ते सगळ्यांनाच मिळायचं. बोटंही सगळ्यांनाच मिळत असणार; पण हमालांच्या पाठी जाड असतात. चंद्रभानला ती बोटं दुपारपर्यंत पाठीवर जाणवत राहिली.

पुढच्या जुम्म्याला ती म्हणाली, "मुन्शीजी, पाय जवळ आला की तुमी श्वास रोखून धरायलाव. पाठ नुसती दगड. बोला कायतरी. तुमच्या गोष्टी लय हायत म्हणं."

मग त्यानं गोष्ट सांगितली, ओट्याच्या फरशीला गाल लावून. जिंतूरच्या एका उंटाची, जो नुसता वास घेऊन खोटं नाणं ओळखायचा. पाय पाठीवर होता. आणि मागून, वरून, आवाज आला:

"हं."

चंद्रभानची पाठ दगडाची लोखंड झाली.

"काय झालं वं?"

"काही न्हाई. काही न्हाई."

काय सांगणार होता? श्रावणातली गोष्ट होती ती, तो मुन्शी व्हायच्या आधीची. पेडगावच्या शिवारात आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, तो आणि त्याची बायको मनकर्णा राहायचे. झड लागलेली, मनकर्णाचा ताप उतरत नव्हता, आणि काळ्या रानात गाडी घालायची सोय नव्हती, चाक आसापर्यंत रुतायचं. पेडगावच्या ठेसनावर आगगाडी गाठली की परभणीचा दवाखाना. त्यानं बायकोला पाठीवर घेतलं, तिच्याच जुन्या लुगड्यानं कमरेशी बांधलं आणि चिखलात पाय घातला. प्रत्येक पाऊल माती धरून ठेवायची आणि मग अनिच्छेनं सोडायची. तिचा गाल त्याच्या मानेवर होता, तव्यासारखा. झोपू नको, तो म्हणाला. गोष्ट सांगतो, तू हं म्हण. आणि त्यानं सुरुवात केली, गोदेला पूर आला होता, अंधार होता, वासरू ओरडत होतं. हं, ती म्हणाली. मी ते पाठीवर घेतलं. हं. माझ्या कानाशी गुरगुर झाली. यावर ती हसली, तिच्या पोटाचं हसणं त्याला कमरेत लागलं, "लबाड," ती म्हणाली, "चल, पुढं सांग." वासरू नव्हतं, वाघरू होतं. हं. ते सोडीना. यावर हं आलं नाही. तो थांबला नाही. ते सोडीना, तो म्हणाला, मी म्हटलं, बाबा रे, सोड; ते सोडीना. पाऊस तिरपा येत होता. त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. आणि बोलणं चालू होतं तोवर माहीत नव्हतं, म्हणून तो बोलत राहिला, काठाजवळही आला नाही, मधल्या धारेतच गोल गोल फिरत राहिला, ठेसनाचा दिवा दिसेपर्यंत. तिथल्या कुणी माणसानं लुगड्याची गाठ सोडली आणि तिला खाली घेतलं. पाठीवरचं वजन उतरलं असं बघणाऱ्यांना वाटलं. चंद्रभान सरळ व्हायला गेला आणि होता आलं नाही.

हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलं की तो वाघराचीच गोष्ट सांगायचा, आणि लोकांना वाटायचं, हा थापा मारतोय.

तर कडूबाईचं 'हं'. पहिले काही जुम्मे ते ऐकून पाठ लोखंड होत होती. पण पाय वर असायचा, त्या पायामागं एका जित्या बाईचं वजन असायचं, आणि 'हं' यायचं, आणि गोष्ट पुढं गेली की पुन्हा यायचं. न चुकता. अंगाला हे नवं होतं. पाठीला वजन म्हणजे काय ते ठाऊक होतं आणि त्याच्यामागून काय येतं तेही ठाऊक होतं. आता वजन असूनही हं येत राहत होतं, आणि पाठ, शहाणं जनावर जसं नव्या मालकाकडं लांबून लांबून बघतं तशी, विश्वास ठेवू की नको करत होती. उंट झाला, पेशकाराच्या दाढीत घरटं करणारी चिमणी झाली, आगगाडीला शिंगावर घेणारा रेडा झाला. आणि गेल्या जुम्म्याला कडूबाई म्हणाली, "त्या वाघराचं सांगा की. सगळ्या गावाला सांगितलंव, मलाच न्हाई."

त्यानं सांगितलं. पूर, अंधार, वासरू. हं. गुरगुर. हं. ते सोडीना. नेहमीची हसायची जागा आली आणि गेली.

"हं," कडूबाई म्हणाली. "मंग?"

मग? कुणी विचारलं नव्हतं. त्यानं फरशीवरून गाल उचलून पुन्हा टेकवला. "मंग काय... मंग काठ आला."

"हं."

"ते खाली उतरलं. अंग झाडलं. लय भिजलं होतं."

"हं. मंग?"

"मंग गेलं."

"मागं वळून बघितलं का?"

गल्लीत कुणीतरी बादली ओढत होतं. "बघितलं," तो म्हणाला. "एकदा."

"हं," ती म्हणाली, आणि वाकून तिनं बोटं टेकली.

हे गेल्या जुम्म्याचं. आणि आज गुरुवारी टाक पडला होता, आणि उचलला गेला होता.

कचेरीतून घरी जाताना तो मुद्दाम हळू चालला, कमरेवर हात ठेवून, कारण सरळ चाललेला चंद्रभान मुन्शी गल्लीनं पाहिला असता तर बातमी त्याच्याआधी समोरच्या चाळीत पोचली असती. बरा झालो असं सांगायचं? ती म्हणाली असती, बरं झालं बाई, आणि जुम्म्याला हमालांना पाय लावून आपल्या घरात गेली असती. बऱ्या माणसाला पाय लावला तर तिला पाप लागतं. आणि पाय नाही तर बोटंही नाहीत, आणि हं नाही. दुखरी पाठ नसताना नुसत्या गोष्टी ऐकायला कोण बाई परक्या पुरुषाच्या ओट्यावर उभी राहील, आणि गल्ली उभं राहू देईल? खोलीत येऊन त्यानं कडी लावली. कोपरा रिकामा होता. बस झाली एकच, असंही कुणी म्हणालं नाही. त्यानं पाठीला बोलवून पाहिलं, अगदी गोडीनं, ये की, म्हणून, उद्याच्यापुरतं ये. खांद्यावर पाण्याची घागर घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या. नुसता थकला. बरं वाटत होतं, आणि त्याइतकं एकटं त्याला दुखतानाही वाटलं नव्हतं.

जुम्म्याला सकाळी ती यायच्या आत तो ओट्यावर पालथा पडला. कण्हून पाहिलं, ते नाटकातल्यासारखं आलं. खरं दुखत होतं तेव्हा तो कण्हतच नसे, हे त्याला आत्ता आठवलं. ऊन ओट्यावर चढलं होतं. समोरच्या ओट्यावर दोनचार जण तंबाखू मळत बसले होते. तिची पावलं आली, थांबली.

"कसं हाय आज?"

"इचारू नका, बाई," चंद्रभान फरशीला म्हणाला. "लय वाईट."

मग पाय आला. गार, खरखरीत, जागच्या जागी.

"सांगा मंग."

"काय सांगू? ते परत आलं."

"हं?"

"परत आलं वाघरू. आन् एकटं न्हाई, पिलं घिऊन. एक खांद्यात बसलंय, एक गुडघ्यात. आई आपली जुन्या जागी."

"हं."

"खांद्यातलं लय खोडकर. मी जेवायला बसलो की घास वढून घेतंय. आन् गुडघ्यातलं मुकं हाय, पर त्याला समदं समजतंय. काल मी अर्ज लिहिताना..."

तो थांबला, हं साठी जागा ठेवून. हं आलं नाही.

"काल मी अर्ज लिहिताना," तो म्हणाला, "त्यानं पंजा शाईत बुडवला. आन् कागदावर ठिवला. पेशकार म्हणाला, ही सही कुणाची..."

हं नाही. पाय होता. वजन होतं. आवाज नव्हता. ऊन अंगावर असून त्याच्या मानेवर तिरपा गार पाऊस लागायला लागला, पायांखाली माती धरू लागली, आणि पाठीत, त्या तळहाताएवढ्या जागेत, काहीतरी जागं होऊन त्यानं एक डोळा उघडला. बोलत राहायला हवं. बोलणं चालू आहे तोवर काही झालेलं नाही. "ही सही कुणाची, म्हणाला पेशकार, मी म्हटलं हुजूर, बच्चा हाय, त्याला लिहिता येत न्हाई, आन् आई तवर कमरेत घट्ट बसलेली, मी म्हटलं, बाई गं, सोड, ती सोडीना, लय समजावलं, ती सोडीना, ती सोडी..."

"खोटं!"

कडूबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या ओट्यावरची माणसं तंबाखू मळायची थांबली.

"साफ खोटं बोलायलाव, मुन्शीजी. ते काठावर उतरलं, वळून बघितलं आन् गेलं. तुमीच सांगितलं की मला. आता कुठलं परत येतंय? पाय ठिवला तवाच कळलं मला. दुखत न्हाई तुमाला."

आणि पाय तिनं अजून काढला नव्हता.